इंचाचा चौसष्टावा भाग

सेंट जॉन्सबरीला, आर्मांड थिबोडोच्या गॅरेजात,
हरणाच्या मांसाशेजारी
दोन रात्री माझे बूट फ्रीजरमध्ये होते.
उणे अठरा. डोंगरावर सकाळी असतं तेवढंच.
बाहेर काढून त्यानं नडगीवर अंगठा दाबला
आणि म्हणाला, हा बूट नाही, बादली आहे.

खरं होतं त्याचं.
थंडीत प्लास्टिक हट्टाला पेटतं.
दुकानात बोटाखाली दबलेल्या रबराच्या चकत्या
खडीसाखर झाल्या होत्या.
आणि आमच्या उतारावर बर्फ कसला,
रात्रीतून गोठलेला पाऊसच तो.
बोर्ड कडेवर घातला की
टकटक टकटक
तळव्यातून दातांपर्यंत चढत येते.
उजव्या घोट्यात दोन स्क्रू आहेत माझ्या,
ते आधी ऐकतात.

शेहेचाळिसाव्या वर्षी हे कशाला, असं विचारणारी माणसं
फलटणला आहेत, इथेही आहेत.
मी उत्तर देत नाही. माप घेते.

टाचेमागे एक दांडी, दांडीवर दोन स्प्रिंगा:
पुढे झुकलं की एक दबते,
मागे रेललं की दुसरी.
पुढची मऊ घातली, मागची कडक ठेवली.
गुडघा पहिल्यांदाच बोटांच्या पुढे गेला,
वळण हाताशी आलं.
पण स्प्रिंगचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.
घेतलेलं पै न् पै परत करते,
आणि नेमकं नको तेव्हा.

फलटणच्या स्टँडमागे तांबोळी मिस्त्री
स्कूटरच्या सीटवर दोन्ही हात टेकून
एकदाच दाबायचे.
वर आली, थांबली: घेऊन जा.
वर आली, खाली गेली, परत वर:
"शॉकअप गेलं, ताई."
अकरावीच्या पुस्तकात त्याला अवमंदन म्हणतात,
व्याख्या पाठ केली, मार्क मिळाले.
समजलं मात्र होतं ते त्या हातांकडे बघून,
ग्रीसनं काळ्या झालेल्या नखांसकट.

आर्मांडनं लेथवर नळी कातली, करंगळीएवढी.
आत पिस्टन, पिस्टनला भोक,
भोवती सिलिकॉनचं तेल,
जे थंडीत फारसं रुसत नाही.
दोन संध्याकाळी गेल्या. त्याच्या रेडिओवर
कुठल्याशा हॉकीच्या सामन्यात कुणीतरी हरत होतं.

पहिला उंचवटा बुटानं गिळला, आवाजही नाही.
दुसराही.
तिसऱ्याला तो दबलेलाच होता,
उठायला त्याला वेळच मिळाला नव्हता.
चौथा थेट स्क्रूंवर.
मी कुशीवर घसरत गेले, झाडांच्या जरा अलीकडे थांबले.
लिफ्टवरून कुणीतरी टाळी वाजवली.
हेही शिकायचं होतं तर:
फार शांत केलेला बूट
पुढच्या धक्क्याला हजरच नसतो.

तेल पातळ करू? आर्मांडनं विचारलं.
नको म्हटलं, भोक मोठं कर.
किती?
त्यानं ड्रिलच्या डबीतली पुढची काडी उचलली.
इंचाचा चौसष्टावा भाग.
माझ्या वहीत ते शून्य दशांश चार मिलिमीटर होतं.
उजेडाकडे धरून दोघांनी भोकातून पाहिलं.
मला दिसला त्याचा भुवईवरचा पांढरा केस.

रविवारी पहिली लिफ्ट पकडली.
खाली शहर अजून धुरातच होतं.
कडेवर गेले.
टकटक आली, घोट्यापर्यंत आली,
आणि तिथं कुणीतरी तिला
बसायला पाट दिला.
पुढची आली, तिलाही दिला.
तळाशी पोचून हातमोजा काढला, नळीला बोट लावलं.
किंचित कोमट होती,
की माझंच बोट बधिर होतं, सांगता येत नाही.

डावा बूट अजून तसाच आहे.
आर्मांड म्हणतो, मंगळवारी बघू,
बुधवारी त्याला घशाच्या डॉक्टरकडे जायचंय.
तोवर डाव्या पायाला
सगळं जुनंच ऐकू येतंय.